सहा फूट

त्या मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात
पालिकेचा माणूस म्हणून मी वर्तुळं काढली.
चुन्याची बादली, काथ्याचा कुंचला,
आणि मोजायला काठी नव्हती म्हणून
घरच्या विहिरीचा दोर, सहा फुटांवर गाठ मारलेला.

पिएदाद म्हणाली, माझं प्लास्टिक पाच फुटांचं,
उरलेल्या फुटात मी काय विकू, हवा?
हवाच विकायची नाही मावशी, म्हणून तर हे.
ती हसली असावी. मास्क हलला.

पुरुमेंताचे दिवस.
एरवी पाय ठेवायला जागा नसते,
मिरच्यांनी डोळे चुरचुरतात,
चार महिन्यांचं घर पिशव्यांत कोंबून
माणसं डिचोलीच्या बसमध्ये चढतात.
त्या वर्षी वर्तुळं जास्त, माणसं कमी.
काही वर्तुळांत कुत्री बसली, नेमकी मध्यावर.
नियम तेवढा त्यांनी पाळला.

कायतानची टॅक्सी, जी पाहुण्यांना किनारे दाखवायची,
डिकी उघडून कांदे विकत उभी.
मागची सीट तो सकाळी काढायचा, एकची शिट्टी झाली की परत बसवायचा,
कारण रात्री कुणाला तरी बांबोळीला न्यावं लागे.
कांद्याचा भाव ओरडून सांगायचा,
रात्रीच्या फेरीचा कधीच नाही.
एकदा सीटखाली कांद्याच्या सालांत
एकाच पायातली निळी चप्पल निघाली.
ती त्याने आठवडाभर काचेपाशी ठेवली,
कुणी मागायला येईल म्हणून.

आणि पिएदादने
आपलं एक वेगळंच आरोग्य खातं उघडलं.
कापडाच्या दोन पुरचुंड्या. एकीत गालमो, एकीत लाकडाचा भुसा.
लांब काठीच्या टोकाला लटकवून गिऱ्हाइकापुढे धरायची.
मास्क जरा खाली कर. सांग पुता, गालमो कुठला?
बरोबर सांगितलं की तराजू उचलायची.
चुकलं की काठी मागे.
आधी आझिलोत जा. नाकात काडी घालतात, मरत नाहीस.
तुझा वाटा बाजूला ठेवते.

पहिल्या आठवड्यात अशी अकरा गिऱ्हाइकं तिने घालवली.
शेजारची यशोदी गावस मिरच्यांचे देठ खुडत म्हणाली,
पावसात काय शिजवणार ही? लोकांची नाकं?

बारावा मी.
बादली खाली ठेवून थट्टेने नाक पुढे केलं.
ज्या वासापायी माझ्या आईचं
शेजारणीशी तीन वर्षं बोलणं बंद होतं,
तो गालमो, चार बोटांवर,
आणि काही नाही.
बादलीतल्या चुन्याचा नाही. गटाराचा नाही.
हा डावीकडचा, मी म्हणालो, अगदी सहज.

पिएदादने डावी पुरचुंडी सोडली.
भुसा तिच्या मांडीवर सांडला.
ती काही बोलली नाही.
माझा कुंचला पायाने अलगद बाजूला सारला
आणि कायतानला हाक मारली.
कांदे अर्धे विकायचे होते. त्याने डिकी लावली.

सतरा दिवसांनी कामावर आलो
तेव्हा साहेबांचा तक्ता माझ्या टेबलावर.
उघडलेली दुकानं, बंद दुकानं, दंड, उलाढाल.
परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांना रकाना नव्हता.
मी कडेला पेन्सिलने लिहिलं: बारा.
साहेबांनी खोडलं. बरोबरच केलं,
बेरीज जुळत नव्हती.

बारातले दहा आले, आपापला वाटा घेऊन गेले.
मी गेलो तो वास दहा पावलांवरून आला,
आणि मी तिथेच, भर बाजारात, शिंकलो.
सगळा बाजार मागे सरकला. पिएदाद नाही.
राहिलेल्या दोघांचा गालमो तिने ऑगस्टपर्यंत ठेवला,
मग विकला, अर्ध्या भावात.
हे सांगताना ती दुसरीकडे बघते.

चुना केव्हाच गेला.
पण त्या वर्तुळाची जागा नेमकी कुणाची,
यावरून पिएदाद आणि यशोदी
दर शुक्रवारी अजून भांडतात,
आणि निवाडा करायला मला बोलावतात,
दोर घेऊन ये म्हणून.